रोपं लावताना इथल्या पाखरांचा विचार करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मृगाचा पाऊस पडला की आपल्या जिल्ह्याच्या पानावर वृक्षारोपणाची छायाचित्रं येऊ लागतात. शाळा, तहसील, बँक, सगळीकडे खड्डे खोदलेले दिसतात. लातूरसारख्या जिल्ह्यात जंगल एक टक्काही नाही, तिथं माणसं खोरं हातात घेतात ही साधी गोष्ट नाही. पण छायाचित्रातली रोपं नीट पाहिली की वाईट वाटतं. गुलमोहर, गिरिपुष्प आणि हल्ली तर जिकडेतिकडे कोनोकार्पस हे परदेशी झाड. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, गिरिपुष्प मध्य अमेरिकेतलं. लवकर वाढतात म्हणून लावतात. पण इथल्या बहुतेक अळ्यांना ही पानं चालत नाहीत, आणि अळ्या नसल्या तर शिंपी, वटवट्या या पाखरांनी पिलांना काय भरवायचं?

रुईचं पाहा. ती कुणी मुद्दाम लावत नाही. शनिवारी मारुतीला माळ लागते म्हणून कुठं कुठं राहिली आहे. पावसाळ्यात तिचं पान उलटून पाहावं. काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी सापडेल, बिबळ्या कडवा फुलपाखराची. रुईचं विष अंगात साठवूनच ती वाढते, म्हणून पाखरं सहसा तिच्या वाटेला जात नाहीत. पुढं ती हिरवा कोष करते, त्यावर सोन्याचे म्हणावेत असे ठिपके असतात. रुई उपटून तिथं शोभेचं क्रोटन लावलं की यातलं काही उरत नाही.

घरापुढं चार हात जागा असेल तर कढीपत्ता, तरवड, रुई लावा. शाळेच्या आवारात पळस, पांगारा, काटेसावर, बहावा, उंबर लावा. शिमग्याच्या सुमाराला पळस-पांगारा फुलला की भोरड्या, कोतवाल, बुलबुल यांची नुसती झुंबड असते. पळसाच्या चपट्या शेंगेत एकच बी असतं. ते ताजं असतानाच पहिल्या पावसात टोचावं. पांगाऱ्याची तर फांदी खोचली तरी फुटते. ही झाडं एकदोन उन्हाळे सांभाळली की पुढं आपली आपण जगतात. ज्या भागातल्या लातूरनं २०१६ सालच्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलं, त्यानं एवढा विचार करायलाच हवा.

बांधांची अवस्था तर सांगवत नाही. बोरी, बाभळी, हिवर होते, ते जेसीबीनं गेले, उरल्यासुरल्यावर तणनाशक. निदान एक बोर तरी राहू द्या.

आणि कृपा करून गवताळ गायरानावर, माळावर झाडं लावू नका. माळ म्हणजे ओसाड जमीन नव्हे. मारवेल, कुसळीच्या गवतात काळवीट चरतं, लांडगा पिलं वाढवतो, हिवाळ्यात दूर उत्तरेकडून आलेले भोवत्या (हॅरियर) हे शिकारी पक्षी नाकतोडे टिपतात. माळढोक याच मुलखातला. २०११ साली त्याची नोंद अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत झाली. आता जगात दीडशेच्या आसपास उरलेत, तेही बहुतेक राजस्थानात. सोलापूर जिल्ह्यात नान्नजला त्याच्यासाठी अभयारण्य आहे, पण पक्षी दिसेनासा झाला. नाकतोडे, भुंगेरे, पिकली बोरं हे त्याचं खाणं. आपल्या अंगणात माळढोक उतरणार नाही हे मला कळतं. पण त्याच माळावर खड्डे खणून आपण बाकीच्यांचीही जागा घालवतो आहोत.

सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांनी पुढच्या हंगामासाठी बोर, हिवर, पळस, पांगाऱ्याची रोपं आतापासूनच वाढवावीत. आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. वृक्षारोपणाची बातमी छापताना पाहुण्यांच्या नावांबरोबर झाडांचीही नावं छापा, आणि पुढच्या जूनमध्ये त्याच जागेचं छायाचित्र पुन्हा छापा.

आपला,
एक वाचक, अंबाजोगाई (जि. बीड)