शक्ती सदनात रुजू होणाऱ्या लेकीस

चि. शलाकास,

अनेक आशीर्वाद.

सोमवारी तू शक्ती सदनात, म्हणजे निराधार बायकांच्या सरकारी योजनेतल्या निवारागृहात, रुजू होशील. तिथे नवऱ्याने टाकलेल्या, घरातून हाकललेल्या बायका येतील, तशा तुरुंगातून सुटलेल्याही येतील. सुटून आलेल्या निराधार बायकांना स्वाधारगृहाच्या नियमांतच जागा होती. 2022 मध्ये निराधार बायकांसाठीची स्वाधार आणि देहव्यापारातून सोडवलेल्यांसाठीची उज्ज्वला या दोन योजना एकत्र होऊन शक्ती सदन झालं. तुरुंगातून सुटलेल्या बायकांच्या बाबतीत सगळ्यांना घाई असते. आली की आठवड्यात कामाला लावा! तसं करू नकोस. पहिला महिना कागद, तारखा, औषधं आणि झोप यांचा.

सुरुवात तुरुंगाच्या फाटकापासून होते. जामिनाचा आदेश कोर्टातून तुरुंगात पोचेपर्यंत अनेकदा दिवस मावळतो. बाई दिवेलागणीला बाहेर येते, हातात कपड्यांची पिशवी, मोबाईल बंद, एकही नंबर पाठ नाही. म्हणून फाटकाबाहेर आपलं माणूस हवंच. सोबत पाणी, चपला, पॅड आणि चार्जर असू दे. निघण्याआधी सुटकेचा दाखला, जमा केलेल्या वस्तू, तिच्या खात्यावरचे पैसे आणि तुरुंगातल्या दवाखान्याचे कागद मिळाले का ते बघ. दवाखान्याचे कागद हमखास राहतात. टीबीच्या किंवा मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू असतील, तर खंड पडला की दुखणं उलटतं. नि-क्षय या टीबीच्या सरकारी पोर्टलवरची तिची नोंद तुमच्या भागातल्या केंद्राकडे वर्ग करून घे.

शिक्षा भोगून सुटली की जामिनावर, हे पहिल्याच दिवशी समजून घे. जामिनावर असेल तर पुढची तारीख, कोर्टाचा नंबर, कोणत्या पोलीस ठाण्यात हजेरी लावायची आणि जिल्हा सोडायला परवानगी लागते का, हे आदेशातून वाचून तिच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटव. तारीख चुकली की वॉरंट निघतं, आणि मग मिळालेलं काम, जमवलेली खोली सगळं हातचं जातं. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. 1987 च्या कायद्याने बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन 15100.

आता पत्ता. या कामातली खरी मेख इथेच आहे. आधारवर सासरचा पत्ता असतो आणि तिथे ती पाऊल ठेवू शकत नाही. आधारला जोडलेला नंबर कधीच बंद पडलेला, त्यामुळे ओटीपी येत नाही. क्रम असा धर: आधी तिच्या नावाचं सिमकार्ड, मग आधार केंद्रात नवा नंबर, मग पत्ता. पत्त्यासाठी मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखांचं प्रमाणपत्र चालतं, पण ते आधारच्याच ठरलेल्या नमुन्यात हवं. साध्या लेटरहेडवर दिलं की केंद्रावरून परत पाठवतात. भांडी घासून बोटं झिजली असतील तर ठसा उमटत नाही, तेव्हा डोळ्यांची बुबुळं तपासायला सांग. बँक सगळ्यात शेवटी. दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं, बुडत नाही. केवायसी नव्याने दिली की सुरू होतं. क्रम उलटा केलास तर बँकेच्या तीन फेऱ्या फुकट.

आणि तिच्याकडे नीट बघ. ती दाराशी येऊन थांबेल. दार लोटलेलंच असतं, कडीसुद्धा नसते, तरी हात पुढे होत नाही. इतकी वर्षं दार दुसऱ्यानेच उघडलंय. “जा ना, उघडंच आहे,” एवढं म्हण आणि आपण बाजूला हो, तिच्यासाठी उघडू नकोस. कपाटाला कुलूप दे आणि दोन्ही किल्ल्या तिच्याकडेच राहू देत. संध्याकाळी बायकांना ओळीत उभं करून हजेरी घेऊ नकोस, तिला तुरुंगातली गिनती, म्हणजे कैद्यांची मोजणी, आठवते. खोलीखोलीत जाऊन बघून ये. दिवा लावून झोपली तर झोपू दे.

मुलाची चौकशी ती पहिल्या रात्रीच करेल. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ तुरुंगात राहू शकतं, त्यानंतर ते नातेवाइकांकडे नाहीतर बालगृहात जातं. बालगृहात असेल तर बाल कल्याण समितीकडे अर्ज करावा लागतो आणि आईच्या राहण्याची, कमाईची चौकशी होते. भेट लवकर घडवून आण, पण ताबा कधी मिळेल याची तारीख तोंडातून काढू नकोस. न पाळलेल्या तारखा तिने कोर्टात पुष्कळ ऐकल्यात.

कामाचा फॉर्म भरताना प्रश्न अक्षर न् अक्षर वाच. “शिक्षा झाली आहे का?” आणि “खटला चालू आहे का?” हे दोन वेगळे प्रश्न आहेत. खटला चालू असलेल्या बाईने पहिल्याला “नाही”, दुसऱ्याला “हो” लिहायचं. विचारलेलं लपवलं आणि पुढे निघालं तर नोकरी त्या लपवण्यापायी जाते.

ती बाहेर खोली घेईल तेव्हा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवलेलाच असू दे. पुढच्या सगळ्या कागदांना तोच पत्ता लागेल. खोलीत गेल्यावर पहिले तीन महिने दर आठवड्याला फोन कर, आणि रविवारी संध्याकाळी कर. कामाच्या गडबडीत निभतं, सुट्टीच्या संध्याकाळी एकटीला खोली खायला उठते.

तुझी,
आई