गाठीचा ताजा तुकडाही जपला जावा

संपादक महोदय,

खर्ऱ्यावरील (म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुन्याच्या घोटलेल्या मिश्रणावरील) कारवायांच्या बातम्या आपल्या दैनिकात वरचेवर येतात आणि त्या यायलाच हव्यात. परंतु खर्ऱ्यापायी गाल गमावलेल्या माणसाच्या कर्करोगाच्या गाठीचे शस्त्रक्रियेनंतर पुढे काय होते, याविषयी सहसा कोणी लिहीत नाही. मी शहरातील एका रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागातून तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झालो असल्याने चार शब्द लिहीत आहे.

गालाचा किंवा जबड्याचा काढलेला भाग आमच्याकडे येई तो फॉर्मलिनच्या, म्हणजे मांस कुजू न देणाऱ्या रसायनाच्या, डब्यात बुडालेला. तोवर मांस राखाडी आणि घट्ट झालेले असे. प्लास्टिकच्या पन्नीत घोटलेला खर्रा रुग्ण ज्या बाजूला दाबून धरत असे, बहुधा त्याच बाजूला, गाल आणि हिरडीच्या मधल्या खोबणीत, गाठ सापडे. मग तुकडे मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवायचे, काचपट्ट्या रंगवायच्या आणि डॉक्टरांनी अहवाल द्यायचा. निदानासाठी ही पद्धत उत्तम आहे, तिच्याविषयी माझी काही तक्रार नाही.

संशोधनाचे मात्र तेवढ्याने भागत नाही. फॉर्मलिनमुळे प्रथिने आणि डीएनए एकमेकांत गुंतून बसतात, जनुकांचा संदेश पेशीत वाहून नेणाऱ्या आरएनएचे बारीक तुकडे होतात आणि रुग्णाच्या शरीरात कधीच नसलेले बदल डीएनएच्या वाचनात दिसू लागतात. अशा ब्लॉकमधूनही काही जनुकांची तपासणी होते. परंतु गाठीतील पेशींत कोणती जनुके किती कामाला लागली होती हे नीट पाहायचे असेल, तर वाटाण्याएवढा ताजा तुकडा शक्यतो अर्ध्या तासाच्या आत उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवावा लागतो. सोबत त्याच रुग्णाचे थोडे रक्तही हवे, कारण जन्मतःच असलेला फरक कोणता आणि गाठीत नव्याने घडलेला कोणता, हे त्याशिवाय वेगळे काढता येत नाही. पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या असतील तर त्या जिवंतच लागतात. कर्करोग संशोधक कमल रणदिवे यांनी 1960च्या दशकात मुंबईत देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली, तेव्हापासून हे काम आपल्याकडे अपरिचित राहिलेले नाही.

आपल्या भागातल्या गाठींचे महत्त्व यासाठी की पाश्चात्त्य देशांतील नमुने मुख्यतः जीभ आणि घशाच्या कर्करोगाचे असतात आणि त्या रुग्णांच्या तोंडात सुपारी क्वचितच गेलेली असते. सुपारी तर तंबाखूविनाही कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004च्या अहवालात नमूद केले आहे. गाल-हिरडीच्या कर्करोगातील जनुकीय बदलांचा भारतीय अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला; त्यात पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था आणि खारघरचे टाटा स्मारकाचे संशोधन केंद्र यांचा सहभाग होता. डीएनए बिघडल्यावर पेशीचे विभाजन थांबवणारे टीपी53 आणि पेशीला मरणाचा आदेश पोहोचवणारे कॅस्प8 ही जनुके त्यात बिघडलेली आढळली, शिवाय या कर्करोगाशी ज्यांचा संबंध आधी ठाऊक नव्हता अशीही काही. सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून तासन्‌तास गालात धरणाऱ्या विदर्भातल्या माणसाच्या पेशींत नेमके काय बिघडते, हे विदर्भातल्याच गाठी सांगू शकतील.

नागपुरात एम्स आहे, मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आहे, शासकीय दंत महाविद्यालय आहे. यांपैकी एका संस्थेने पुढाकार घेऊन लहानशी ऊतिपेढी, म्हणजे गाठींचे गोठवलेले नमुने जपणारी पेढी, उभारावी, एवढीच माझी सूचना आहे. उणे 80 अंशांचे एक फ्रीझर, नायट्रोजनचे कॅन, शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी थांबणारा एक प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि (मे महिन्याचे नागपूर ज्यांना ठाऊक आहे त्यांना वेगळे सांगायला नको) भरवशाचे जनरेटर एवढे सुरुवातीला पुरेल. निदानासाठी लागणारा भाग आधी बाजूला काढावा आणि उरलेल्यातून किती घ्यायचे ते पॅथॉलॉजिस्टने ठरवावे. आज तो उरलेला भाग पिवळ्या पिशवीतून जाळण्यासाठी जातो.

रुग्णाच्या संमतीशिवाय मात्र एक कणही ठेवू नये. आमच्याकडे संमतीपत्र इंग्रजीत असे आणि बरेच रुग्ण न वाचताच अंगठा उमटवत. नव्या पेढीचे संमतीपत्र मराठीत असावे, आणि शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी नातेवाइकांसमोर ते रुग्णाला वाचून दाखवले जावे.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, नागपूर