बी विंगच्या भिंतीवरचं अर्धवट चित्र आणि त्यावर बसलेला एसी

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती

विषय: बी विंगच्या आंधळ्या (बिनखिडकीच्या) भिंतीवरील जॅझ वादकांचे चित्र पूर्ण करू देणे आणि त्यावर बसवलेले एसीचे बाहेरचे युनिट हलवणे.

महोदय,

स.न.वि.वि.

या विषयावरची माझी आधीची पत्रं ऑफिसच्या फाइलमध्ये आहेत. पोच म्हणून शिक्का मिळाला, उत्तर एकाचंही मिळालं नाही. जिन्यात भेटलात की तुम्ही "बघू, बघू" म्हणता आणि सेक्रेटरी "अध्यक्षांना विचारा" म्हणतात. आता पाणी डोक्यावरून गेलं आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहीत आहे.

गेल्या सप्टेंबरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय रीतसर मांडला होता. स्ट्रक्चरल ऑडिटनंतर त्या भिंतीला नवा गिलावा झाला होता आणि परांची बांधलेलीच होती. रंगाचा खर्च मी करणार, सोसायटीला एक पैसा लागणार नाही, हेही तिथेच सांगितलं. ठराव हात वर करून मंजूर झाला. पहिल्या मजल्यावरचे सभासद त्या सभेला आले नव्हते. त्यांना विरोध करायचा होता, तर तो तिथे करायचा. सर्वसाधारण सभेचा ठराव त्यांच्या एका फोनवर गुंडाळून ठेवण्याचा अधिकार व्यवस्थापक समितीला कोणत्या उपविधीने दिला, हे मला लेखी कळवावं.

मी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली आहे. तीस फूट उंच भिंतीवर चौकटी पाडून प्रमाणात आखणी करणं म्हणजे काय, हे खाली उभं राहून कळत नाही. चित्र वरून खाली करत आणावं लागतं, नाहीतर वरचा रंग खालच्या कामावर ओघळतो. वरचा अर्धा भाग पक्क्या रंगात झाला आहे: पियानोवर अमेरिकन जॅझवादक टेडी वेदरफर्ड, माइकपुढे गोव्याची गायिका लॉर्ना, बाजूला सॅक्सोफोनवादक ख्रिस पेरी आणि मधोमध ट्रम्पेट घेतलेले चिक चॉकलेट. ट्रम्पेटच्या तीन कळांवरची बोटं तर मी पुन्हा पुन्हा पुसून आखली, कारण वाजवणाऱ्याचा सगळा जोर तिथेच दिसतो. खालचा अर्धा भाग मात्र अजून नुसत्या गेरूत आहे. तिथे ड्रमवाला आणि डबल बासवाला आहेत. त्यांना मुद्दामच कुणाचा चेहरा दिलेला नाही. धोबीतलावच्या कूडांमध्ये, म्हणजे गोव्याच्या गावकऱ्यांच्या सामायिक खोल्यांमध्ये, खाटेपुरत्या जागेत राहून रात्री हॉटेलांत वाजवणाऱ्या, ज्यांची नावं कुठे छापली गेली नाहीत, अशा गोव्याच्या वादकांसाठी ती जागा आहे.

नेमक्या त्या ड्रमवाल्याच्या तोंडावर पहिल्या मजल्याच्या एसीचं युनिट ठोकलं गेलं. ठराव झाल्यानंतर, आखणी दिसत असताना. त्याच्या नळीचं पाणी ठिबकून गेरू धुपला आहे आणि ड्रमच्या कडेवरून खालपर्यंत तांबडा ओघळ आला आहे. बाहेरची भिंत सोसायटीची आहे, पहिल्या मजल्याची नव्हे. तिच्यात भोक पाडायला समितीची लेखी परवानगी लागते. ती दिली असेल तर प्रत दाखवा. दिली नसेल तर नोटीस का गेली नाही? ए विंगमध्ये एका घराने खिडकीला जाळी बसवली, तेव्हा आठवड्यात नोटीस गेली होती. दुसऱ्या मजल्यावर कुंडीचं पाणी खाली पडलं, तेव्हा बोर्डावर फलक लागला होता. नियम माणूस बघून लागू होतात का?

पुढे गिलाव्याच्या कंत्राटदाराचं बिल चुकतं झालं नाही म्हणून परांची उतरली. त्या बिलाशी माझा काय संबंध? तरी मी गप्प राहिलो.

पहिल्या मजल्याच्या या सभासदांचं म्हणणं असं कळलं की गिरगावच्या मराठी वस्तीत "हे परके बाजेवाले" कशाला, दारूच्या गुत्त्यासारखं दिसतं, त्यापेक्षा नारळाची झाडं आणि सूर्योदय काढा. हे ऐकून मला खरोखर वाईट वाटलं. चिक चॉकलेट म्हणजे गोव्यातल्या आल्दोन्याचे अँटोनियो झेवियर वाझ. ताज हॉटेलात त्यांचा बँड वाजायचा. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या संगीतकार सी. रामचंद्रांचे ते सहाय्यक होते. 1951 च्या त्यांच्या 'अलबेला' चित्रपटातली गाणी याच सभासदांच्या घरातून गणपतीत मोठ्याने लागतात. त्या गाण्यांतलं ट्रम्पेट त्यांना चालतं, मग वाजवणारा परका कसा? आपल्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर रंगभवन हे खुलं नाट्यगृह आहे. तिथे 1978 पासून जॅझ यात्रा हा संगीत महोत्सव भरायचा आणि जगभरचे वादक यायचे. ते वाजवणं मी स्वतः ऐकलं आहे. या भागाच्या भिंतीवर ही माणसं नसतील तर कुठल्या भागात असावीत?

बहुतेक घरं माझ्या बाजूची आहेत. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी रोज गॅलरीतून विचारतात, "मास्तर, काम कधी सुरू?" ए विंगची मुलं खाली उभी राहून कोण काय वाजवतंय ते ओळखतात. एकाने सॅक्सोफोन शिकायची परवानगी आईकडे मागितली आहे. भांडण नको म्हणून कुणी लिहून देत नाही, एवढंच.

गेरू पहिल्या पावसात वाहून जाईल आणि ओल्या भिंतीवर रंग धरत नाही. म्हणून मे महिन्याच्या मध्यापर्यंत काम संपायला हवं. त्यासाठी एसीचं युनिट दोन फूट डावीकडे सरकवावं आणि नळी पावसाच्या पाइपात सोडावी. परांची पुन्हा बांधणं जमत नसेल तर वरून टांगता झुला लावायची परवानगी द्यावी, त्याचं भाडं मी भरतो. यातलं काहीच होत नसेल, तर सप्टेंबरच्या सभेच्या इतिवृत्ताची सही-शिक्क्याची प्रत मला द्यावी. ती घेऊन सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे कसं जायचं, ते मी पाहीन.

उत्तर लेखी हवं आहे. जिन्यातलं "बघू" यापुढे मी उत्तर धरणार नाही.

कळावे,

आपला,
एक सभासद, बी विंग, चौथा मजला

प्रत: सेक्रेटरी, खजिनदार आणि दोन्ही विंगचे सूचना फलक