वाशिष्ठीचे पाणी आजच मोजून ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इटलीतील त्रिसिनो येथील बंद पडलेल्या मितेनी कारखान्याची यंत्रसामग्री लिलावात विकली जाऊन आपल्या खेड तालुक्यातील लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत आल्याच्या बातम्या बऱ्याच गाजल्या. चर्चा मात्र कारखाना हवा की नको, एवढ्यावरच अडकून बसली आहे. मी चिपळूणचा रहिवासी असून एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले आहे, आणि मला त्याच्याही आधीचा एक प्रश्न निकडीचा वाटतो. वाशिष्ठी, जगबुडी, दाभोळची खाडी आणि लोट्याच्या आसपासच्या विहिरी यांच्या पाण्यात आज पीएफएएस, म्हणजे सहसा विघटन होत नाही म्हणून ज्यांना फॉरेव्हर केमिकल्स म्हटले जाते ती रसायने, किती आहेत हे मोजून लोकांसमोर ठेवले गेले पाहिजे. आज हे केले नाही, तर पाच वर्षांनी मोजलेला आकडा कशाशी ताडून पाहायचा?

त्रिसिनोत नेमके हेच राहून गेले. तो कारखाना १९६०च्या दशकापासून चालू होता, तिथे हीच रसायने बनत आणि तिथल्या पाण्यातील पीएफएएसची गोष्ट जगापुढे आली ती २०१३ साली. मधल्या काळात विचेंझा, वेरोना आणि पादोवा या तीन प्रांतांतील लोक नळाचे आणि विहिरीचे पाणी निर्धास्तपणे पीत होते, कारण त्या पाण्याला ना रंग होता, ना वास, ना चव. सुमारे साडेतीन लाख लोकांना त्याची झळ बसली. मुलांच्या रक्ततपासणीचे अहवाल हातात आल्यावर त्यांच्या आया रस्त्यावर उतरल्या. २०१८ मध्ये कारखान्याने दिवाळखोरी पत्करली आणि जून २०२५ मध्ये विचेंझाच्या न्यायालयाने कंपन्यांच्या अकरा माजी अधिकाऱ्यांना मिळून १४१ वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. जमिनीखाली मुरलेले पाणी मात्र या निकालाने स्वच्छ झालेले नाही.

या रसायनांचे वैशिष्ट्य त्यांच्या रचनेतच आहे. कार्बन आणि फ्लोरिन यांच्यातील बंध इतका घट्ट असतो की ऊन, पाऊस, माती किंवा जिवाणू यांच्याने तो सहसा तुटत नाही. तव्याला डोसा चिकटू नये, कापडावर तेलाचा डाग बसू नये, यासाठी हाच गुण कामाला येतो आणि पाण्यात उतरल्यावर हाच गुण आपल्या मुळावर येतो. पाणी उकळल्याने ही रसायने जात नाहीत. उलट पाणी आटते आणि त्यांचे प्रमाण किंचित वाढते. सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रात जिवाणूंच्या साह्याने जे शुद्धीकरण होते, त्यातूनही ती तशीच पुढे जातात. सक्रिय कार्बन, आयन विनिमय किंवा आरओ यांनी ती पाण्यातून अडवता येतात, पण अडवलेला ऐवज कुठे टाकायचा हा प्रश्न शिल्लक राहतोच.

मात्रेचा अंदाज आपल्या भागातील वाचकांना यावा म्हणून एक साधे गणित करून पाहिले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये पीएफओए आणि पीएफओएस या पीएफएएस गटातील दोन रसायनांसाठी पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४ नॅनोग्रॅम (नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग) ही कमाल मर्यादा ठरवली. या हिशेबाने एक किलो पीएफओए जवळपास नऊ टीएमसी पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकते. काठोकाठ भरलेल्या कोयना धरणात सुमारे १०५ टीएमसी पाणी असते, म्हणजे त्याला बारा किलो पुरेल. ज्या कोयनेचे अवजल, म्हणजे वीजनिर्मितीनंतर सोडलेले पाणी, आमच्या वाशिष्ठीला बारमाही वाहते ठेवते, तिच्याशी तुलना केल्यावर हे आकडे मला कागदावरचे वाटेनासे झाले.

आमच्या सोसायटीच्या विहिरीचे पाणी गेल्या वर्षी तपासून घेतले. अहवालात सामू, काठिण्य, क्लोराईड, नायट्रेट, कोलिफॉर्म असे रकाने होते आणि फ्लोराईडचाही होता. तो मर्यादेत असल्याचे पाहून शेजारचे काका समाधानाने म्हणाले, "चला, म्हणजे ते फ्लोरिनवालं आपल्याकडे नाही." त्यांचा गैरसमज दूर करताना माझ्या लक्षात आले की तो फार जणांचा असणार. फ्लोराईड हा खडकातून उतरणारा क्षार आहे आणि त्याच्या चाचणीतून पीएफएएसचा मागमूसही लागत नाही. त्यासाठीची उपकरणे वेगळी आणि महागडी असतात. नमुना घेतानाही फार जपावे लागते; बाटलीच्या झाकणात टेफ्लॉन असेल किंवा नमुना घेणाऱ्याच्या रेनकोटवर पाणी न धरणारा थर असेल, तरी आकडा बिघडू शकतो. हे काम सोसायटीने किंवा ग्रामपंचायतीने वर्गणी काढून करण्याजोगे नाही.

नियमांच्या बाबतीत आपण कुठे आहोत, हेही पाहावे. पीएफओए माणसात कर्करोगास कारणीभूत ठरते, असे वर्गीकरण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्येच केले. युरोपीय संघाने वीस पीएफएएसची बेरीज लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅमच्या (म्हणजे १०० नॅनोग्रॅमच्या) आत ठेवणे जानेवारी २०२६ पासून सदस्य देशांना बंधनकारक केले. अमेरिकेत २०२५ मध्ये इतर काही रसायनांवरील मर्यादा मागे घेण्याचे ठरले, मुदतही २०३१ पर्यंत वाढवण्याची घोषणा झाली आणि ते मला योग्य वाटत नाही. तरी त्या दोन प्रमुख रसायनांची मर्यादा तिथे कायम ठेवली गेली. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, पीएफएएससाठी मर्यादाच नाही. दीर्घकाळ टिकणाऱ्या घातक रसायनांवरील आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात पीएफओएसचा समावेश २००९ मध्ये झाला, पण त्या करारानुसार भारताने २०१८ साली काढलेल्या नियमांतील सात रसायनांत ते नाही. अशा स्थितीत "सगळे मर्यादेत आहे" या वाक्याला अर्थ कोणता? मर्यादा लिहिलेलीच नसेल, तर ती मोडल्याचा गुन्हाही कुणावर लागू शकत नाही.

लोट्यातील कोणत्याही कारखान्यावर दोष ठेवण्याचा माझा हेतू नाही. परवानग्या रीतसर असतील, जुनी बदनाम रसायने तिथे बनत नसतील, हे मी मान्य करून चालतो. पण जुन्याच्या जागी आलेले रसायन निर्धोक असते, हे गृहीत धरण्याची चूक एकदा झालेली आहे. पीएफओएला पर्याय म्हणून वापरात आलेले जेनएक्स अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातील केप फिअर नदीत, विल्मिंग्टन शहराच्या पिण्याच्या पाण्यात असल्याचे २०१७ मध्ये लोकांसमोर आले. म्हणून तपासणी दोन-चार नावांपुरती न ठेवता शक्य तितकी व्यापक असावी. शिवाय, खाडीत सोडलेले पाणी समुद्राला मिळाले की संपले, असेही नव्हे; भरतीच्या वेळी खाडीचे पाणी गोवळकोटपर्यंत चढते हे आम्ही रोज पाहतो. बाजारात मासळी घेताना "खाडीची आहे का?" हे पूर्वी कौतुकाने विचारले जाई. परवा तोच प्रश्न एका गिऱ्हाईकाने साशंकपणे विचारला आणि खाडीची म्हटल्यावर तो पुढच्या पाटीकडे वळला. ती मावशी काही बोलली नाही, कालवांवर ओले फडके टाकून बसून राहिली. तिची मासळी चांगली आहे हे सांगायलाही तिच्या हातात आज कागद नाही.

माझी विनंती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेला आहे. फ्लोरिनयुक्त रसायने बनवणाऱ्या प्रत्येक कारखान्याच्या संमतिपत्रात सांडपाण्याच्या पीएफएएस तपासणीची अट घालावी आणि तिचे अहवाल मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. भारतीय मानक ब्युरोने मर्यादा ठरवेपर्यंत युरोपची मर्यादा तात्पुरती लागू धरावी. नदी, खाडी, विहिरी आणि खाडीतील मासळी यांचे पहिले नमुने येत्या मे महिन्यात, विहिरी तळाला गेलेल्या असताना घ्यावेत, आणि दुसरे गणपतीनंतर, त्याच ठिकाणांहून. जागा दाखवायला आणि बाटल्या उचलायला आमच्यासारखे निवृत्त लोक गावोगावी तयार आहेत.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, चिपळूण