पडवीतला गायनवर्ग बंद करू नये

मडगाव

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

पडवीतला गायनवर्ग आता कायमचा बंद करण्याचे बाबांच्या मनात असल्याचे आईकडून कळले. फोनवर मला नीट मांडता आले नसते, म्हणून लिहिते. तो वर्ग सुरू राहावा असे मला वाटते, ते केवळ मायेपोटी नव्हे. माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांच्या गाण्यात जे उणे राहिले आहे, ते तुमच्यासमोर बसूनच भरून निघेल.

२०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे टाळेबंदी लागली आणि माझे वर्ग मोबाइलवर आले. मुले बंदिशी शिकली, राग ओळखू लागली, आणि पलटे ध्वनिमुद्रित करून पाठवताना स्वतःचा आवाज ऐकण्याची त्यांना सवय लागली. हा लाभ मी कमी लेखत नाही. पण पलीकडचा आवाज नेहमी उशिरा यायचा. द्रुत तीनतालात मिनिटाला २४० मात्रा धरल्या, तर एक मात्रा पाव सेकंदाची होते. आवाज तेवढाच रेंगाळला तरी मुलाची सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, माझ्या कानी एक मात्रा मागे पडते, मग चूक त्याची की नेटवर्कची, हे कसे ठरवावे? म्हणून एकाने गायचे आणि बाकीच्यांनी माइक बंद ठेवून ऐकायचे, एवढाच मार्ग उरला. तानपुऱ्याचा अखंड नाद तर त्या अ‍ॅपला पंख्याची घरघर वाटे आणि ते तो गाळून टाकी. सत्तरी तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीला रेंजसाठी घरामागची टेकडी चढावी लागे. तिथे तंबोरा कुठला आणि तबला कुठला!

त्याच मुलांपैकी काही जण आता गायनाच्या मध्यमा परीक्षेची तयारी करत आहेत. सूर चांगले लागतात, पण तबलजी शेजारी बसला की ती बावरतात, कारण त्यांची तयारी मोबाइलमधल्या ठेक्यावर झाली आहे आणि तो ठेका गाणाऱ्याचे कधी ऐकत नाही. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकरांनी जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांसमोर बसून जी गायकी घेतली, तिच्यात आलापसुद्धा लयीला धरून चालतो. ते अंगी मुरायला माणसाचा ठेका लागतो. एरवी आपल्याकडे ही लय मुलांना चतुर्थीच्या आरत्यांतच, घुमट, शामेळ आणि कासाळे या वाद्यांच्या गजरात बसून मिळते. २०२० साली त्याही घरच्या माणसांपुरत्या राहिल्या.

गाण्यावरच एवढे निर्बंध का, असे बाबा तेव्हा उद्वेगाने विचारायचे. त्याच मार्चमध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात समूहगायनाच्या एका तालमीला ६१ जण जमले होते. त्यांपैकी ५३ जण आजारी पडले आणि दोघे दगावले. मोठ्याने गाताना श्वासातून बारीक कण अधिक प्रमाणात बाहेर पडतात, आणि तुमच्या वयाच्या माणसांना धोका सर्वांत मोठा होता. २०२१ च्या मे महिन्यात गोव्यात संचारबंदी लागली, तेव्हा वर्ग बंदच ठेवा असा आग्रह मी धरला होता, आणि तो मला आजही योग्य वाटतो. पण ते त्या काळापुरते होते, बाबा. तुमच्या हातातला ठेका अजून तसाच आहे. गेल्या दिवाळीत मी तो ऐकला आहे.

माझे मागणे एवढेच, की दर रविवारी माझ्या चार-पाच मुलांना पडवीत बसवून घ्यावे. नवे काही शिकवू नये. बाबांनी ठेका धरावा, आईने पेटीवर साथ करावी आणि मुलांनी येते तेच गावे. चुकली तर गाणे थांबवू नये, त्यांना आपली आपण सम सापडू द्यावी.

पावसाळी दमटपणाने तबल्याची पुडी सैल झाली असेल. पुढच्या आठवड्यात येईन तेव्हा ती बदलून आणते. पेटीचा भाता आईने एकदा पाहून ठेवावा. सकाळची वेळ सोयीची की संध्याकाळची, तेवढे कळवा, म्हणजे मुलांच्या पालकांना तसे सांगता येईल.

तुमची मुलगी