भंगार देण्याआधी

पुणे, रविवार

ती. आई आणि अण्णा,
सा. न.

सायकलचं दुकान येत्या आठवड्यात रिकामं करायचंय, भंगारवाल्याला सांगून ठेवलंय, असं आई काल फोनवर म्हणाली. अण्णा, तुमचे गुडघे आता पंप मारू देत नाहीत, त्यामुळे दुकान बंद करण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मी बोलायला लागले की तुम्ही "हं, ठीक" म्हणून फोन आईकडे देता, म्हणून लिहायला बसले. सोल्युशनच्या ट्यूबा ठेवता त्या पत्र्याच्या डब्यात व्हॉल्व्ह ट्यूबची, सायकलच्या व्हॉल्व्हवर चढवायच्या त्या बारीक रबरी नळीची, गुंडाळी असेल. ती भंगारात देऊ नका.

कशाला, ते सांगते. भूकंपाच्या वेळी मी नऊ वर्षांची होते. 30 सप्टेंबर 1993. गणपती बोळवून सगळे झोपलेले आणि पहाटे चारच्या आत ते झालं. किल्लारीकडच्या मानाने आपलं गाव वाचलं म्हणायचं. आपली ओसरीकडची भिंत बसली आणि माळवद खांबांसकट एका अंगाला कललं. तुम्ही मला खांद्यावर टाकून बाहेर काढलं तेव्हा मी मागे वळून तेच बघत होते. घर पडलं नव्हतं, नुसतं तिरकं झालं होतं. पुढे पत्र्याच्या शेडात राहिलो तरी मला स्वप्नात ते तिरकं घरच दिसायचं. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

पाचवीत असताना आमचे विज्ञानाचे सर कुठल्याशा शिबिराहून आले आणि त्यांनी दहा लेकरं तुमच्या दुकानावर धाडली, आठवतं? हातभर व्हॉल्व्ह ट्यूब पाहिजे म्हणून. "सायकली कुणाकुणाकडे हायत रे?" म्हणून तुम्ही सगळ्यांना हाकललं होतं, आणि संध्याकाळी तुकड्यांची पुडी बांधून स्वतःच सरांकडे नेऊन दिली होती. आई, तुझी काडेपेटी मी त्याच आठवड्यात रिकामी केली. चूल पेटवायला तुला शेजारून विस्तव आणावा लागला आणि मला दोन धपाटे बसले. ते धपाटे वाया गेले नाहीत, एवढंच सांगते.

काडीचं गूल खरवडून टाकायचं, ट्यूबचा बोटाच्या पेराएवढा तुकडा कापायचा, दोन्ही तोंडांतून एकेक काडी खुपसायची. झाला सांधा. तिसरी काडी जोडायची असेल तर ट्यूबला मधोमध बाभळीच्या काट्याने भोक पाडायचं. तीन काड्यांचा त्रिकोण केला की तो दाबला तरी हलत नाही. चौकोन मात्र बोट लावताच तिरपा होतो. मग आम्ही काड्या जोडून डबी केली, सहा चौकोनी बाजूंची, आणि सर म्हणाले, वरून ढकला. ती कलली. अण्णा, अगदी आपल्या माळवदासारखी कलली. मी रडायला लागले आणि कुणाला कळेना का ते.

सरांनी एवढंच सांगितलं की सहाही बाजूंना एकेक तिरकी काडी लाव. आगकाडी पुरेना, कारण कर्ण बाजूपेक्षा लांब असतो. मग खराट्याच्या काड्या मापाने मोडून बसवल्या. पुन्हा ढकललं. हललीच नाही.

ज्यांच्या डोक्यातून हा खेळ निघाला, त्यांचं नाव मला फार उशिरा कळलं. अरविंद गुप्ता. बरेलीचे. आयआयटी कानपूरला शिकून पुण्याला टेल्कोत, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समध्ये, लागलेले. 1978 साली त्यांनी वर्षभराची रजा काढली आणि मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या खेड्यापाड्यांतल्या शाळांत विज्ञान शिकवण्याच्या कामात गेले. तिथल्या आठवडी बाजारात ही ट्यूब त्यांच्या नजरेला पडली. म्हणजे तुम्ही रोज हाताळत होता तीच वस्तू! त्यांचे आई-वडील कधी शाळेत गेलेले नव्हते. आई, तू चौथीत शाळा सुटली म्हणून अजून कुढतेस, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

मी कॉलेजात असताना ते इथल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात होते. त्या इमारतीला तुझ्या लाडक्या पुलंच्या प्रतिष्ठानाने देणगी दिली आहे. मी एकदा गेलेही होते, पण भेट झाली नाही, आणि झाली असती तरी काय बोलले असते कोण जाणे. 2018 ला त्यांना पद्मश्री मिळाली. मला मोठेपण वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. एवढी खेळणी आणि पुस्तकं त्यांनी फुकट सगळ्यांसमोर ठेवली, कुणी कुठेही करून बघावीत म्हणून. नाहीतर आपल्या गावापर्यंत ती कशाला पोचली असती?

माझं काम काय, हे तुम्ही चारचौघांत "विंजनेर हाय" एवढ्यावर उरकता. खरं काम म्हणजे गुत्तेदाराशी भांडण. शेडच्या छताची कैची तो नीट करतो, कारण ती वर दिसते. खांबांमधले तिरके अँगल मात्र त्याला फुकटचा खर्च वाटतात. मागच्या महिन्यात एक जण ऐकेचना. मी ड्रॉवरमधून तशीच जोडलेल्या काड्यांची डबी काढून टेबलावर ठेवली, म्हटलं, भाऊ, बोट लावा. लावलं. मग तिरक्या काड्या बसवून पुन्हा बोट लावायला सांगितलं. अँगल लागले. आकडेमोडीची पानं दाखवून जे झालं नव्हतं ते तेवढ्याने झालं.

पण डबीतली ट्यूब आता चिरायला लागली आहे, आणि इथे मिळत नाही. बऱ्याच नव्या सायकलींना मोटारीसारखे व्हॉल्व्ह असतात, त्यात ही रबरी नळी लागतच नाही. तुमच्या नातीच्या सायकलीचंही तेच. तिला अजून ती ट्यूब माहीतच नाही. दुकानदाराकडे मागितली तर माझ्याकडे बघत राहिला.

म्हणून डबा घरात उचलून ठेवा. छोटी कात्रीसुद्धा. येळवशीच्या सणाला आम्ही येतोय, तेव्हा घेऊन जाईन. आणि अण्णा, त्या दहा लेकरांच्या ट्यूबचे पैसे तुम्ही सरांकडून घेतले नव्हते, हे मला माहीत आहे.

तुमची थोरली