बंद झालेलं मॉडेल म्हणून दुर्बीण नाकारू नका

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या ठाणे-नवी मुंबईच्या पानावर खाडीतल्या फ्लेमिंगोंचे फोटो येतात आणि ते बघून दरवर्षी नवीन मंडळी ऐरोलीला, भांडुप पंपिंगला, नेरूळच्या डीपीएस तलावावर यायला लागतात, मला याचा खरंच आनंद आहे. पण त्यातल्या बऱ्याच जणांच्या हातात नुसता मोबाईल असतो, नाहीतर ऑनलाइन घेतलेली ती लाल काचांची २० बाय ५० वाली (म्हणजे वीसपट झूम आणि पुढची मोठी काच ५० मिलिमीटरची) स्वस्तातली दुर्बीण, आणि अर्ध्या तासात मुलं कंटाळतात कारण त्यातून धड काही दिसतच नाही. मग घरचे म्हणतात चांगली दुर्बीण म्हणजे लाखाची, आपल्याला काय परवडणार. हे चूक आहे आणि त्यासाठीच हे पत्र लिहितोय. मधल्या किमतीच्या, म्हणजे साधारण पंधरा ते तीस हजारांच्या दुर्बिणींमधे कंपन्या दर काही वर्षांनी मॉडेल बदलतात, जुनं बंद करतात, आणि ते बंद झालेलं मॉडेल दुकानात उरलेलं असतं किंवा कुणीतरी वापरून विकायला काढलेलं असतं. पक्षी बघणाऱ्याला पैशाच्या मानाने सगळ्यात चांगला माल तिथे मिळतो, पण लोक "बंद झालंय म्हणजे काहीतरी गडबड असेल" म्हणून हातच लावत नाहीत.

अहो दुर्बीण म्हणजे मोबाईल नाही. तिच्यात सॉफ्टवेअर नाही, अपडेट नाही, बॅटरी नाही. काच, प्रिझम, कोटिंग आणि फोकसचं चाक, बस. छपरी प्रिझमच्या म्हणजे रूफवाल्या सरळ नळ्यांच्या दुर्बिणीत प्रकाश प्रिझममधे दोन भागात फुटतो आणि परत एकत्र येताना त्यांचा ताळमेळ चुकतो म्हणून चित्र मऊ पडतं, त्यावर झाइसने १९८८ मधे फेज कोटिंग आणलं आणि आज ते मधल्या किमतीच्या दुर्बिणींमधेही सर्रास मिळतं. त्यानंतर आरसा म्हणून काम करणाऱ्या बाजूला ॲल्युमिनियमऐवजी चांदी, मग डायइलेक्ट्रिक म्हणजे धातूशिवायचं अनेक पातळ थरांचं कोटिंग, त्याने उजेड वाढला. मोठ्या उड्या या एवढ्याच. दहा वर्षांपूर्वीच्या मॉडेलमधे या दोन गोष्टी असतील तर नवीन मॉडेल फार तर थोडंसंच पुढे असतं.

एक उदाहरण देतो. निकॉनचं मोनार्क ७, ८ बाय ४२, हे बंद होऊन त्याच्या जागी एम७ आलं. जुन्यात एक किलोमीटरवर १४० मीटर रुंदीचं दृश्य दिसतं, नव्यात १४५. नव्यात बाहेरच्या काचेवर पाणी आणि तेल न चिकटणारं कोटिंग आहे, डायऑप्टर म्हणजे दोन डोळ्यांच्या नंबरातला फरक जुळवायचं चाक लॉक होतं, ह्या चांगल्या सोयी आहेत, मी नाही म्हणत नाही. पण त्याच कंपनीचं त्याखालचं नवीन एम५ बघा, ते ११२ मीटर दाखवतं. म्हणजे नवीन एम५ च्या पैशात जुनं ७ मिळत असेल तर डोळे झाकून जुनं घ्यावं, कारण खाडीवर ही रुंदी म्हणजे सगळं काही. भरती चढायला लागली की तुतवारांचा, चिखल्यांचा थवा एकदम उठतो आणि वळतो, अरुंद दुर्बिणीत तुम्ही त्याला शोधेपर्यंत तो पलीकडच्या खारफुटीत गेलेला असतो. येऊरच्या जंगलात तर अजूनच, हळद्या पक्षी पानांत कुठे बसलाय ते नुसत्या डोळ्यांनी पाहिलं आणि दुर्बीण लावली तर समोर फक्त पानं.

आणि कृपा करून जास्त झूमच्या मागे लागू नका. मोठ्या काचेच्या मिलिमीटरला झूमने भागा, जो आकडा येईल तेवढ्या जाडीचा उजेडाचा खांब तुमच्या डोळ्यात जातो. ८ बाय ४२ ला तो सव्वापाच मिलिमीटर, २० बाय ५० ला अडीच. येऊरच्या झाडीत सकाळी सहा-साडेसहाला डोळ्याची बाहुली मोठी झालेली असते, तिथे अडीच मिलिमीटर म्हणजे अंधारच. शिवाय वीसपट झूम हातात स्थिर राहत नाही, आणि खाडीवर ऊन चढलं की चिखलावरची हवा थरथरायला लागते, ती थरथरही तेवढीच मोठी होऊन दिसते. फ्लेमिंगो मोठा का छोटा हे ओळखायला चोच बघायची असते, मोठ्याची गुलाबी आणि टोकाला काळी, छोट्याची जवळजवळ सगळी गडद लालसर-काळी, हे बोटीतून ८ च्या चांगल्या दुर्बिणीत व्यवस्थित कळतं. आणि त्या लाल काचा! ते कोटिंग लाल रंग बाहेर फेकतं त्यामुळे आतलं सगळं हिरवट दिसतं, फ्लेमिंगो बघायला लाल रंग बाहेर टाकणारी दुर्बीण न्यायची म्हणजे काय म्हणावं.

पंधरा हजारही जड असतील तर जुन्या पद्धतीची, खांद्याला बाक असलेली पोरो दुर्बीण शोधा. तिला फेज कोटिंगची गरजच पडत नाही म्हणून कमी पैशात तेवढंच स्वच्छ चित्र देते. ऑलिम्पसचा दुर्बिणींचा व्यवसाय २०२१ मधे ओएम डिजिटलकडे गेला, त्यामुळे ऑलिम्पस नाव असलेलं ८ बाय ४० डीपीएस हे पोरो मॉडेल कुठे दिसलं तर तो जुनाच माल आहे, पण १४३ मीटरचं दृश्य देणारा. फक्त ती वॉटरप्रूफ नाही आणि चष्मा लावणाऱ्यांना सोयीची नाही, पूर्ण चित्र दिसायला डोळा तिच्या काचेपासून १२ मिलिमीटरवरच ठेवावा लागतो, चष्मेवाल्यांनी हे अंतर किमान १५-१६ बघावं.

आता खरी काळजीची गोष्ट, बुरशी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांना बुरशी येते तर काचांना का नाही येणार. जुनी दुर्बीण घेताना मोठ्या काचेच्या बाजूने टॉर्च मारा आणि आत तिरकं बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की ठेवून द्या, कितीही स्वस्त असली तरी. वॉटरप्रूफ दुर्बीण उघडली की आत भरलेला नायट्रोजन जातो, दोन्ही नळ्यांची परत जुळणी करावी लागते, रिपेअरचा खर्च तुमची बचत खाऊन टाकतो. बाहेरचं रबर चिकट झालंय का तेही हाताने बघा, दमट हवेत वर्षानुवर्षं पडून राहिलं की होतं तसं.

दुसरी तपासणी जुळणीची. दुकानाच्या बाहेर या, समोरच्या टॉवरच्या गच्चीची कड किंवा लांबची आडवी तार बघा, दोन्ही डोळ्यांनी. दोन तारा दिसल्या किंवा डोळे ओढल्यासारखे वाटले, कपाळ दुखलं, तर दुर्बीण कुठेतरी आपटलेली आहे. मग ती हातभर लांब धरून आकाशाकडे करा आणि डोळ्याच्या काचेतला उजेडाचा गोल बघा, तो पूर्ण गोल पाहिजे, कडा चौकोनी कापल्यासारख्या करड्या दिसल्या तर आत हलक्या प्रतीचं प्रिझम आहे. फोकसचं चाक दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. दुकानदार कुरकुर करतो, करू दे, पाच मिनिटांचं काम आहे.

किमतीचं माझं मत असं की सीलबंद जुना माल असेल तर नव्या मॉडेलपेक्षा किमान पंचवीस टक्के तरी कमी पाहिजे, नाहीतर सरळ नवीन घ्या, कारण मॉडेल बंद झालं की डोळ्याचे रबरी कप, झाकणं असले बारीक पार्ट पुढे मिळायला कठीण जातात. वापरलेली असेल तर निम्म्याच्या वर जाऊ नये. ऑनलाइन काही लोक "आता मिळत नाही, रेअर आहे" म्हणून उलट जास्त भाव लावतात, त्यांना अजिबात भीक घालू नका. पक्कं बिल आणि भारतातलं वॉरंटी कार्ड मागा, वॉरंटी बिलाच्या तारखेपासून धरणार ना हे तिथेच विचारून बिलावर लिहून घ्या. फोर्टात बोरा बझारच्या कॅमेऱ्याच्या दुकानांत एक चक्कर मारायला हरकत नाही, ठाण्यातल्या आणि वाशीतल्या जुन्या फोटो स्टुडिओवाल्यांनाही विचारा, कधी कधी वरच्या फळीवर एखादा डबा असतो.

ठाणे खाडी २०१५ मधे फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ मधे महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली, येऊरचं जंगल शहराला चिकटून, कर्नाळा पनवेलच्या पुढे लगेच, एवढं सगळं दारात असताना नुसतं गुलाबी ठिपके बघून परत जाणाऱ्या मुलांचं मला फार वाईट वाटतं. ज्या मुलाला एकदा खंड्याची निळाई किंवा शेकाट्याचे लाल पाय नीट दिसले ते मूल परत येतंच, आणि उद्या त्या तलावात कुणी भराव टाकायला लागलं तर बोलायलाही तेच उभं राहील.

म्हणून दोन विनंत्या आहेत. एक दुकानदारांना, दिवाळीत जुना स्टॉक सेलमधे काढता तेव्हा दुर्बिणीच्या लेबलवर नुसतं झूम लिहू नका, फेज कोटिंग आहे का आणि किती मीटर दिसतं तेही लिहा, कंपनीच्या खोक्यावर बऱ्याचदा छापलेलं असतंच. दुसरी, ज्यांनी नवीन दुर्बीण घेतलीय आणि जुनी माळ्यावर ठेवलीय त्यांना, ती आत्ता काढा, पुसा, बुरशी लागायच्या आत एखाद्या शिकणाऱ्या मुलाला वाजवी किमतीत देऊन टाका. पत्र दिवाळीच्या खरेदीआधी छापलंत तर फार बरं होईल, फ्लेमिंगो नोव्हेंबरच्या आसपास यायला लागतात आणि मे पर्यंत असतात, म्हणजे घेतलेली दुर्बीण लगेच कामाला लागेल.

आपला,
एक पक्षीनिरीक्षक वाचक, ऐरोली